लाइट बुजवून देऊ का, भाऊ?

अमरावतीच्या एका गॅरेजात, टायरवर बसलेल्या उस्तादांनी मला हा प्रश्न विचारला होता. गाडीच्या मीटरमध्ये दोन महिन्यांपासून पिवळा दिवा जळत होता. गोल कंस, त्याच्या आत रोमन अक्षरांत एबीएस. मी म्हटलं, दिवा का लागला ते पाहायचंय. ते हसले.

"गाडी थांबते न? मंग कायले टेंशन घेता? दोनशे द्या. मीटर खोलतो, बल्ब काढतो, खतम विषय."

हा लेख त्या दोनशे रुपयांच्या विरोधात आहे. उस्तादांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. त्यांनी माझ्या बाबांची स्कूटर वीस वर्षं जिवंत ठेवली. त्यांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. पण आपल्याकडे, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात, जुन्या गाडीतल्या पिवळ्या दिव्याचं जे केलं जातं ते चूक आहे, ते धोक्याचं आहे, आणि त्यात उस्तादांपेक्षा तुमचा-माझा वाटा जास्त आहे. हे मला सिद्ध करायचंय.

दिवा नेमकं काय म्हणतो

आधी यंत्र समजून घेऊ. समजलं नाही की भांडण नुसतं आवाजाचं होतं.

तुम्ही जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं, पण गाडी थांबलेली नसते. चाक घासत पुढे जातं. पुढची चाकं अशी जाम झाली की स्टेअरिंग तुमच्या हातात असूनही तुमचं राहत नाही. डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, गाडी जिकडे निघाली होती तिकडेच जाते. एबीएस एवढंच करतं की चाक जाम व्हायला लागलं की त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं. हे सेकंदाला अनेकदा. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरतं. चाक फिरत राहतं, म्हणून वळवता येतं.

यासाठी त्याला एकच गोष्ट सतत कळावी लागते: चारही चाकं किती वेगानं फिरताहेत. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर एक दातेरी कडं फिरतं, सेन्सर त्याचे दाते मोजतो आणि वायरीतून कंट्रोल युनिटला कळवतो. चौघांपैकी एकाची बातमी आली नाही किंवा वेड्यासारखी आली, तर युनिट एक शहाणपणाची गोष्ट करतं. ते स्वतःला बंद करून घेतं आणि दिवा लावतं. खोट्या माहितीवर काम करण्यापेक्षा 'मला दिसत नाहीये' असं सांगून बाजूला होतं. माणसांच्या कारभारात इतका प्रामाणिकपणा सापडायला कठीण.

म्हणजे उस्ताद म्हणतात ते खोटं नाही. पिवळा दिवा लागला तरी साधा ब्रेक लागतो. गाडी थांबते. फक्त ती १९७८ च्या आधीच्या गाडीसारखी थांबते. त्या वर्षी बॉश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत पहिल्यांदा आलं. आपल्याकडे ते सगळ्या नव्या कारमध्ये सक्तीचं व्हायला एप्रिल २०१९ उजाडला. त्याआधी ते वरच्या मॉडेलात, जास्तीचे पैसे मोजून मिळायचं. माझ्या बाबांनी २०१० मध्ये ते पैसे मोजले होते. का, तर दुकानातल्या पोरानं सांगितलं म्हणून. मास्तर माणूस, तेव्हा मी शाळेत होतो.

एक फरक मात्र पाठ करून ठेवा. पिवळ्या एबीएसबरोबर ब्रेकचा लाल दिवाही जळत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. हँडब्रेक ओढलेला राहिला असेल. नाहीतर ब्रेक ऑइल कमी झालं असेल, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडली असेल. हँडब्रेक खाली करूनही लाल दिवा गेला नाही तर गाडी तिथंच उभी करायची. 'घरी जाऊन पाहू' हा पर्याय नाही.

रस्ता २०२२ चा, गाडी २०१० ची

"तीस वर्स स्कूटर चालवली मी. तिले कोठी होतं एबीएस?" हा बाबांचा युक्तिवाद. तुमच्या घरीही कुणीतरी हे म्हणत असेल.

नव्हतं, बाबा. पण तुम्ही स्कूटर कोणत्या रस्त्यावर चालवली?

अमरावती ते अकोला हे शंभरेक किलोमीटरचं अंतर ज्यांनी जुन्या रस्त्यानं कापलंय त्यांना माहीत आहे की त्या रस्त्यावर वेगानं जाण्याचा प्रश्नच नव्हता. वर्षानुवर्षं रखडलेलं काम, खड्डे, धूळ. मग जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवलं होतं. मीही ठेवलं होतं.

त्या दिवसापासून जुन्या गाड्यांना नवा वेग मिळाला. जी हॅचबॅक खड्ड्यांतून पन्नासनं जायची ती आता नव्वदनं जाते, आणि आत बसलेल्याला वाटतं आपण सत्तरवर आहोत. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. ३३ मीटर तर विचार करण्यातच गेले.

आणि आपल्याकडे समोर काय दिसतं? रोही. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, रोही म्हणजे नीलगाय. तुरीच्या नाहीतर हरभऱ्याच्या वावरातून निघतो, रस्त्याच्या मधोमध येतो आणि हेडलाइट पाहून उभा राहतो. पूर्ण वाढलेला नर दोन-अडीचशे किलोचा. त्याचे पाय लांब, म्हणून धडक बसली तर तो बंपरवर अडत नाही, बॉनेटवरून काचेवर येतो.

दिवा लागल्याला दोन महिने झाले होते. ऑक्टोबरची संध्याकाळ, मी अकोल्याहून परत येत होतो. बोरगाव मंजू मागे पडलं होतं, मूर्तिजापूर यायचं होतं. रोही डावीकडून आला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. चाकं जाम झाली, टायर किंचाळले. मी स्टेअरिंग उजवीकडे वळवलं. पूर्ण वळवलं. गाडी सरळ गेली. हा अनुभव शब्दांत नीट येत नाही. हातात चाक आहे, ते फिरतंय, आणि पुढे काहीच होत नाहीये. बाजूच्या सीटवर आई होती. ती ओरडलीसुद्धा नाही, तिनं फक्त डॅशबोर्डवर हात ठेवले.

रोही शेवटच्या क्षणाला उडी मारून गेला. त्याच्या शहाणपणामुळे मी आज हा लेख लिहितोय, माझ्या ब्रेकमुळे नाही.

उलट बाजूनं काय बोललं जातं

इथं लोक तीन गोष्टी म्हणतात. तिन्ही ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली: अपघात वेगामुळे होतात, एबीएस नसल्यामुळे नाही. यात तथ्य आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली आणि त्यातल्या ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवलेलं आहे. मग हळू चालवा, विषय संपला. पण अतिवेग आहे म्हणूनच तर जाम झालेली चाकं मारतात. वेग कमी करणं हा पहिला उपाय आहे, दिवा झाकणं हा त्याचा भाग कसा होतो ते कुणी सांगत नाही. उलट ज्याच्या समोर दिवा जळतोय तो निदान थोडा हळू जाईल. बल्ब काढलेला माणूस जाणार नाही.

दुसरी: एबीएसमुळे काही ठिकाणी गाडी उलट उशिरा थांबते. हेही खरं आहे. सुट्या गिट्टीवर, मुरमावर जाम झालेलं चाक समोर मातीचा ढीग जमवतं आणि त्यानं गाडी लवकर थांबू शकते. एबीएस तसं होऊ देत नाही. पण एबीएसचं मुख्य वचन लवकर थांबण्याचं नाहीच, वळता येण्याचं आहे. पहिल्या पावसात चिखलाळलेल्या डांबरावर, जिथं वावरातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती पसरून जातात, तिथं वळता येणं म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट सगळ्यात वजनाची आहे, आणि ती पैशांची आहे. उस्तादांकडून मी निघालो आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. एसी, कॉफी, 'सर'. तासाभरानं कागद आला: एबीएसचं संपूर्ण युनिट बदलावं लागेल, ४१,००० रुपये. मी विचारलं, कशावरून? "सर, आम्ही सेन्सर चेक केला, तो ओके आहे. म्हणजे युनिटच."

गाडीची किंमत बाजारात दीड लाख. तीत ४१ हजार घालायचे? कापसाला काय भाव मिळतो हे ज्या घरात रोज बोललं जातं, त्या घरात हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. अशा वेळी दोनशे रुपयांत दिवा विझवणारा माणूस फसवणारा वाटत नाही, तोच आपला वाटतो. एका बाजूला ४१ हजार, दुसऱ्या बाजूला दोनशे, आणि मध्ये काहीच नाही. माणूस दोनशेच निवडणार. मी त्याला दोष देत नाही.

माझं भांडण त्या 'मध्ये काहीच नाही'शी आहे. कारण मध्ये काहीतरी आहे. आपण ते विकत घ्यायला तयार नसतो, म्हणून ते दिसत नाही.

सहाशे रुपयांचा माणूस

अकोल्यात एका मित्रानं ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. पत्र्याचं शेड, भिंतीवर जुन्या स्टार्टर मोटरी टांगलेल्या, टेबलावर स्कॅनर आणि एक पिवळा मल्टिमीटर. काका साठीच्या घरातले. गाडीकडे पाहिलंच नाही. आधी म्हणाले:

"पाह्यण्याचे सहाशे घेतो. सापडलं तरी, नाई सापडलं तरी. जमत असन तं चाबी द्या."

खरं सांगतो, मला राग आला. नुसतं पाहायचे सहाशे? पण चावी दिली.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी क्रमानं सांगतो. कारण हा क्रम तुम्हाला कुठल्याही गाडीवर, कुठल्याही गॅरेजात उपयोगी पडेल.

आधी त्यांनी गाडीला हात न लावता मलाच प्रश्न विचारले. दिवा चावी फिरवल्यापासून असतो की गाडी चालल्यावर लागतो? पावसात जास्त लागतो का? लागायच्या आधी कुठलं काम केलं होतं? चावी दिल्यादिल्याच दिवा असेल आणि जातच नसेल तर बहुधा वायर तुटलेली, कनेक्टर निघालेला, फ्यूज उडालेला. गाडी थोडी चालल्यावर लागत असेल तर दातेरी कड्याचा किंवा सेन्सरच्या अंतराचा संशय. बेअरिंग बदलल्यावर लागला असेल तर बेअरिंगवरच संशय, कारण काही बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते आणि ते उलटं बसवलं की सेन्सर आंधळा होतो. मी आठवून सांगितलं: सुरुवातीला सकाळी दिवा नसायचा. आमच्या गल्लीतून गाडी काढली, चौकात आलो, की लागायचा. पावसाळ्यानंतर मात्र कायमचा राहिला.

"गल्ली अरुंद हाये का?" काकांनी विचारलं. हो. गाडी काढताना स्टेअरिंग पूर्ण फिरवावं लागतं.

ते काहीच बोलले नाहीत. स्कॅनर लावला. इथं एक गोष्ट: मोबाइलला जोडायचं हजार-बाराशेचं ब्लूटूथ यंत्र मीही घेतलं होतं आणि त्यात 'एकही दोष नाही' आलं होतं. कारण ती स्वस्त यंत्रं साधारणतः इंजिनाशीच बोलतात. एबीएसच्या युनिटशी बोलणारा स्कॅनर वेगळा लागतो. काकांच्या स्कॅनरवर कोड आला: सी००३५. डाव्या पुढच्या चाकाच्या वेगाच्या सेन्सरचं सर्किट.

लक्षात घ्या, 'सर्किट'. सेन्सर खराब आहे असं कोड म्हणत नाही. सेन्सर, त्याचं कनेक्टर, वायर, युनिटपर्यंतचा सगळा रस्ता, यात कुठंतरी गडबड आहे एवढंच तो सांगतो. कोड म्हणजे गावाचं नाव. घर आपल्याला शोधायचं असतं. 'कोड आला, पार्ट बदला' ही दुरुस्ती नाही, सोडत आहे.

गाडी जॅकवर घेतली. सेन्सरचं कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला. आमच्या गाडीत जुन्या धर्तीचा, गुंडाळीचा सेन्सर आहे. त्याचा रोध मोजता येतो. (नव्या गाड्यांतले सेन्सर वेगळे, त्यांना वीजपुरवठा लागतो. ते असे ओहममध्ये मोजून काही कळत नाही, उलट बिघडू शकतात.) डावा: अकराशे ओहमच्या आसपास. उजवा: तेवढाच. चाक हातानं फिरवलं तर दोन्हीकडे थोडी एसी व्होल्टेज येत होती. म्हणजे सेन्सर ओके. सर्व्हिस सेंटरवाले इथपर्यंत आले होते आणि इथंच थांबले होते.

काका म्हणाले, "मीटर खोटं नाई बोलत. पण जेवढं इचारलं तेवढंच सांगते."

मग मला आत बसवलं आणि स्टेअरिंग हळूहळू डावीकडे पूर्ण फिरवायला सांगितलं. ते खाली वाकून मीटर पाहत होते. अर्ध्यावर आकडा हलला. पूर्ण फिरवल्यावर आकडा गेला, सर्किट तुटलं. सरळ केलं, अकराशे परत. एखादवेळी परत, एखादवेळी नाही.

चाकाच्या मागच्या पोकळीत सेन्सरची वायर एका क्लिपपाशी वाकत होती. चौदा वर्षं, प्रत्येक वळणाला. बाहेरचं रबर शाबूत. आतली तांब्याची तार तुटलेली, आणि तुटल्या टोकांना पाणी लागून हिरवी पडलेली. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. स्टेअरिंग सरळ ठेवून मोजणाऱ्यालाही काही सापडलं नसतं.

वायरीसकट नवा सेन्सर १,९०० रुपयांना. बसवायचे तीनशे. पाहायचे सहाशे. एकूण २,८००. कोड पुसला, रिंगरोडला चक्कर मारली, दिवा गेला तो गेला.

४१,००० चं युनिट बदललं असतं तर? दिवा तसाच राहिला असता, कारण वायर तीच राहिली असती.

पाणाड्याला नारळ, मिस्त्रीला घासाघीस

आता मुद्द्यावर येतो. त्या सहाशे रुपयांचा मला राग का आला होता?

वऱ्हाडात विहीर किंवा बोअर घ्यायचं ठरलं की आपण पाणाड्याला बोलावतो. तो हातावर नारळ उभा करून वावरातून फिरतो आणि जागा दाखवतो. त्याला आपण मान देतो, जेवू घालतो, पैसे देतो. बोअर कोरडं गेलं तरी परत मागत नाही. डॉक्टरकडे जातो, तिथं औषध घेतलं नाही तरी तपासायची फी देतो. रक्त-लघवीच्या तपासणीचे देतो. पण मिस्त्रीनं दोन तास खाली झोपून दोष शोधला आणि सांगितलं की एक कनेक्टर सैल होतं, बसवलं, पाचशे द्या, तर आपण काय म्हणतो? "पार्ट तर काहीच टाकला नाही न! पाचशे कायचे?"

आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. मग कोण शोधेल? ज्याला शोधण्याचे पैसे मिळत नाहीत त्याच्यापुढे दोनच रस्ते राहतात. एक तर वस्तू विकायची, गरज असो-नसो. नाहीतर तक्रार गप्प करायची. सर्व्हिस सेंटरनं पहिला रस्ता धरला, उस्तादांनी दुसरा. दोघांनाही त्या रस्त्यावर गिऱ्हाइकानं नेलं. म्हणजे आपण.

पूर्ण दोष आपलाही नाही. दुसरा दोषी वर बसलाय. गाडीशी बोलणारं यंत्र आणि गाडीची माहिती, ही कंपन्यांनी स्वतःच्या सर्व्हिस सेंटरच्या भिंतीआड ठेवली. हे माझं मत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं नेमक्या याच कारणासाठी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. ती खुल्या बाजारात उपलब्ध करा, असा आदेश होता. कंपन्या अपिलांत गेल्या, कोर्टांत गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे विनंती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली कायदा झाला की अधिकृत डीलरला जी दुरुस्तीची माहिती आणि साधनं मिळतात ती बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजेत. आपल्याला असा कायदा पाहिजे. अमरावतीच्या उस्तादांना एबीएसशी बोलणारा स्कॅनर आणि त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा परवडेल अशा किमतीत मिळाला असता, तर त्यांनी बल्बला हात लावला असता का? त्यांची बोटं माझ्यापेक्षा हुशार आहेत. त्यांना आंधळं ठेवलं गेलंय.

तिसरा दोषी सरकारी तपासणी. खासगी कारला नोंदणीपासून पंधरा वर्षं कुणी ब्रेक विचारत नाही. पीयूसी होते ती धुराची. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीच्या वेळी गाडी पाहिली जाते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. फी वाढवायला हरकत नाही. पण पंधरा वर्षं धूर पाहायचा आणि ब्रेक नाही, हा कुठला हिशोब?

विझवलेला दिवा कुठं जातो

बल्ब काढला तर धोका कुणाचा? तुम्ही म्हणाल, माझी गाडी, माझा जीव. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव तुमचा नाही, हे सोडून देऊ. पण गाडी विकली जाते. आणि विकताना तुम्ही सांगत नाही.

वऱ्हाडातल्या सेकंडहँड बाजारात 'एबीएसवाली गाडी' म्हणून पाच-दहा हजार जास्त घेतात. ती घेणारा बहुधा तुमच्याच वयाचा असतो. पहिली गाडी, हप्ता, आई-बाबांना शेगावला न्यायचं. त्याला वाटतं एबीएस आहे. तो त्या भरवशावर ब्रेक दाबतो. विझवलेला दिवा असा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो.

म्हणून जुनी गाडी पाहायला गेलात तर हे करा. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. एबीएसचा दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा मागून काळी टेप आहे. लागला, तर बहुतेक गाड्यांत इंजिन बंद असतानाच तीनेक सेकंदांत तो आपोआप जातो. तो ऑइलच्या दिव्याबरोबर जळत राहिला आणि इंजिन चालू होताच त्याच्याच सोबत गेला, तर सावध व्हा. त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली असू शकते. ही जास्त हुशार लोकांची पद्धत. मग मालकाला विचारून मोकळ्या, रिकाम्या मैदानात मुरमावर तीसच्या वेगानं जोरात ब्रेक दाबा. पायाखाली थरथर आली पाहिजे.

आणि तुमच्या स्वतःच्या गाडीत दिवा लागला, तर गॅरेजात गेल्यावर 'किती लागतील?' हा पहिला प्रश्न विचारू नका. विचारा: 'शोधायचे किती घ्याल?' ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे तो तुमचा माणूस. कोड कोणता आला ते लिहून मागा. मोजलं काय, किती आलं, दुसऱ्या बाजूला किती आलं, ते विचारा. आणि त्यानं काही पार्ट न टाकता दोष काढला, तर घासाघीस न करता पैसे द्या. तुम्ही त्याला वस्तू न विकण्याचे पैसे देताय, हे लक्षात ठेवा.

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. बाबांनी ती विकायची ठरवली. शेजारच्या गल्लीतला एक पोरगा पाहायला आला, नुकतीच नोकरी लागलेला. मी कामावर होतो, आईनं रात्री सांगितलं. बाबांनी त्याला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि म्हणे, "चाबी फिरव. चालू नको करू. आता पाय तो पिवळा लाइट. मोज."

पोरानं मोजलं. एक, दोन, तीन.

"गेला न? हा गेला पाह्यजे. नाई गेला तं गाडी घ्यायची नाई. कोणाचीच."

मग सहाशे, एकोणीसशे आणि तीनशेचं बिल त्याच्या हातात दिलं. त्यानं गाडी घेतली की नाही ते अजून ठरलेलं नाही. बिल मात्र तो घेऊन गेला.